डोमेन घेतलं, आता पुढे काय? एका वाचनालयाच्या साइटसाठी होस्टिंगची उभारणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या ब वर्ग सार्वजनिक वाचनालयासाठी तुम्ही डॉट इन डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलंत. ब्राउझरमध्ये ते नाव टाकलं की नोंदणी करणाऱ्या कंपनीचं ‘लवकरच येत आहे’ असं पान दिसतं. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा, अजून घेतलेलं नाही. कोणी सांगतं नेमसर्व्हर बदला, कोणी सांगतं ए रेकॉर्ड टाका, आणि ४८ तास थांबा असं तर सगळेच सांगतात. वीसेक हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे. ती वाचकांना शोधता यावी आणि संस्थेच्या नावाचा ई-मेल असावा, एवढी गरज आहे. खर्च शक्य तितका कमी.

आधी ते पान. ते दिसतंय म्हणजे काही बिघडलेलं नाही. नोंदणी झाली की ती कंपनी (रजिस्ट्रार) त्या नावाला स्वतःचे नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची माहिती देणारे संगणक, लावते आणि तिथून स्वतःचं तात्पुरतं पान दाखवते. तुम्ही दुसरी सूचना देईपर्यंत ते तसंच राहणार. नुसतं थांबून ते जाणार नाही.

मी बरीच वर्षं शाळा, छोटे प्रकाशक, ट्रस्ट अशा संस्थांच्या साइट उभ्या करतो आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय आणि खालचं सगळं उत्तर त्यावरच उभं आहे. नाव, डीएनएस (नावावरून साइटचा आणि मेलचा पत्ता सांगणारी व्यवस्था), होस्टिंग आणि ई-मेल ही चार वेगवेगळी कामं आहेत. एकाच बिलात येतात म्हणून ती एकच वाटतात. यातली पहिली दोन कायम संस्थेच्या हातात ठेवा. उरलेली दोन कधीही, कुठेही हलवता आली पाहिजेत.

नाव कोणाच्या नावावर आहे?

नावाची नोंदणी हा तुमचा सातबारा आहे, त्यामुळे होस्टिंगकडे वळण्याआधी तो तपासा. रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून नोंदणीदार म्हणजे ‘रजिस्ट्रंट’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तिथे संस्थेचं नोंदणीकृत नाव हवं. कार्यवाहांचं किंवा साइट बनवून देणाऱ्या मुलाचं नाव असेल तर आजच बदला. वाचनालयांची कार्यकारिणी बदलत असते. चार वर्षांनी नवीन मंडळी येतात आणि खातं जुन्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर असल्याचं त्यांना तेव्हा कळतं. माणूस भला असला तरी त्याचा फोन नंबर बदललेला असतो, पासवर्ड आठवत नसतो. अशा वेळी मालकी सिद्ध करायला रजिस्ट्रारशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

खात्याचा ई-मेल पत्ता संस्थेसाठी वेगळा काढा, पण तो याच नव्या डोमेनवरचा नको. नूतनीकरण चुकून नाव बंद पडलं तर त्या नावावरचा मेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलायची लिंक नेमकी त्याच मेलवर येणार असते. एखाद्या मोफत सेवेवर संस्थेच्या नावाने खातं उघडा. त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी कोड बंद पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, ‘ट्रान्सफर लॉक’ लावलेलं आहे ना तेही पाहा.

नोंदणीनंतर पत्ता पडताळणीचा मेल आला असेल, तर त्यातल्या लिंकवर क्लिक करायला विसरू नका. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांना आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक संस्थेचा नियम लागू आहे: १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर नाव स्थगित होतं. डॉट इनचं व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सीकडे आहे. तिचे नियम वेगळे आहेत, तिथेही नोंदणीदाराची ओळख पटवायला सांगितलं जाऊ शकतं. म्हणून संस्थेच्या नोंदणीपत्राची स्कॅन प्रत हाताशी असू द्या.

नूतनीकरणाबद्दल एक खास आपल्याकडची अडचण. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून आपोआप पैसे कापायला रीतसर ई-मॅंडेट, म्हणजे ग्राहकाने आधी दिलेली ऑनलाइन संमती, लागतं. बऱ्याच परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय नसते, त्यामुळे ‘ऑटो रिन्यू’ सुरू दिसत असूनही पैसे कापले जात नाहीत आणि नाव मुदतबाह्य होतं. शक्य असेल तर यूपीआय घेणाऱ्या भारतीय रजिस्ट्रारकडे नाव ठेवा आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका. डॉट इनची नोंदणी १० वर्षांपर्यंत करता येते. संस्थेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी ही छोटी रक्कम मंजूर करत बसण्यापेक्षा हे सोपं.

येत्या काही दिवसांत तुम्हाला अनोळखी फोन येतील, बहुधा आलेही असतील: ‘सर, तुम्ही डोमेन घेतलंय, आम्ही वेबसाइट बनवतो.’ काही जण ‘तुमचं रजिस्ट्रेशन अपुरं आहे, लगेच पैसे भरा’ असंही सांगतील. नोंदणीच्या खात्यात लॉगिन केल्यावर जे देणं दिसतं तेवढंच खरं देणं. फोनवर आणि मेलमधल्या लिंकवर काही भरू नका.

नेमसर्व्हर की ए रेकॉर्ड?

दोन्ही सांगणारे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळे रस्ते आहेत. कोणी वाचक तुमचं नाव टाइप करतो तेव्हा त्याच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा संगणक, आधी सर्वांत वरच्या रूट सर्व्हरला विचारतो, तो डॉट इनच्या सर्व्हरकडे पाठवतो, आणि डॉट इनचा सर्व्हर सांगतो की या नावाची माहिती अमुक नेमसर्व्हरकडे आहे. त्या नेमसर्व्हरकडे तुमचे रेकॉर्ड असतात: साइट कुठे आहे ते ए रेकॉर्ड सांगतो, मेल कुठे जायचा ते एमएक्स सांगतो. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे अख्खी वहीच दुसऱ्याच्या ताब्यात देणं. ए रेकॉर्ड बदलणं म्हणजे वही आपल्याकडे ठेवून त्यातली एक ओळ बदलणं.

होस्टिंग कंपनी तुम्हाला नेमसर्व्हर बदलायला सांगते, कारण मग सगळे रेकॉर्ड तिच्या पॅनेलमध्ये आपोआप तयार होतात आणि तिच्या मदतकक्षाचं काम हलकं होतं. तुमच्यासाठी मात्र मी ए रेकॉर्डचाच रस्ता सांगेन. दोन वर्षांनी होस्टिंग महागलं किंवा मंदावलं आणि तुम्ही ते सोडलंत, की त्या कंपनीच्या नेमसर्व्हरवरचे सगळे रेकॉर्डही जातात, त्यात मेलचेही. साइट दुसरीकडे सुरू होते आणि मेल बंद पडतो. का पडला ते कोणाला कळत नाही, कारण मेलला कोणी हातच लावलेला नसतो. डीएनएस रजिस्ट्रारकडेच राहिला तर होस्टिंग बदलताना फक्त एक-दोन ओळी बदलतात.

याला एक अट आहे. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये ए, क्वाड-ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी हे रेकॉर्ड आणि त्यांचा टीटीएल, म्हणजे रेकॉर्ड किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, तुम्हाला स्वतः बदलता यायला हवेत. काही स्वस्त रजिस्ट्रार हे देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे मागतात. तसं असेल तर क्लाउडफ्लेअरसारख्या स्वतंत्र सेवेवर संस्थेच्या नावाने मोफत खातं उघडून डीएनएस तिथे न्या. तेव्हा नेमसर्व्हर बदलावे लागतील. बदलण्याआधी रजिस्ट्रारकडे डीएनएससेक (रेकॉर्डवर डिजिटल सही करणारी सोय) सुरू नाही ना ते पाहा. सुरू असेल तर आधी बंद करा, नाहीतर जुन्या सह्या नव्या सर्व्हरशी जुळत नाहीत आणि तपासणी करणाऱ्या नेटवर्कवर साइट उघडतच नाही.

आता ते ४८ तास. हा आकडा हवेतून आलेला नाही. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असतो. एखाद्या रिझॉल्व्हरने जुनी नोंद नुकतीच घेतली असेल, तर तो ती दोन दिवसांपर्यंत जपून ठेवू शकतो. म्हणजे ही मुदत जुन्या, रहदारी असलेल्या नावाचे नेमसर्व्हर बदलताना लागू होते. तुमचं नाव कोरं आहे. ते आतापर्यंत तुम्ही, कार्यकारिणीतले चार जण आणि ते फोन करणारे, एवढ्यांनीच उघडलं असेल. ए रेकॉर्ड बदलल्यावर तो किती वेळात दिसेल हे त्या रेकॉर्डच्या टीटीएलवर ठरतं. टीटीएल ३०० सेकंद असेल तर पाच मिनिटं, १४,४०० असेल तर चार तास. म्हणून आत्ताच पॅनेलमध्ये जाऊन सध्याच्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० करून ठेवा. होस्टिंग निवडेपर्यंत जुना टीटीएल संपलेला असेल. सगळं स्थिर झालं की तो ३,६०० करा.

आणखी एक बारकावा: ‘असा रेकॉर्डच नाही’ हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. म्हणून रेकॉर्ड टाकण्याआधीच ‘आलं का, आलं का’ म्हणून दर मिनिटाला नाव उघडून पाहू नका. त्याने उशीरच होतो.

होस्टिंग किती आणि कुठलं

तुमची गरज मोजू या. वीस हजार पुस्तकं, प्रत्येकाची एक ओळ: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ग क्रमांक, दाखल क्रमांक. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. एक ओळ हजार बाइटची धरली, तरी सगळी यादी २० एमबीच्या आसपास. फोटो, अहवाल, कार्यक्रमांची पत्रकं धरून एक-दोन जीबी पुरे. ‘अनलिमिटेड’ योजनेसाठी जास्त पैसे देऊ नका. त्या योजनांनाही फाइलींच्या संख्येची म्हणजे आयनोडची मर्यादा असते, आणि ती जाहिरातीत नव्हे तर अटींमध्ये लिहिलेली असते.

नुसती माहितीची चार-पाच पानं असती तर मी होस्टिंग विकतच घेऊ नका म्हटलं असतं. क्लाउडफ्लेअर पेजेस, गिटहब पेजेस अशा ठिकाणी स्थिर पानं मोफत ठेवता येतात आणि ती हॅक होण्याची भीती जवळपास नसते. पण तुम्हाला यादीत शोध हवा आहे आणि नोटिसा कार्यालयातल्या माणसाला स्वतः बदलता यायला हव्यात. त्यासाठी पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) असलेलं साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइटनी वाटून घेतलेला सर्व्हर, योग्य. व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता वेगळा आभासी सर्व्हर, घेऊ नका. तो स्वस्त दिसतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्यावर येतं, आणि वाचनालयात ते करणारा माणूस नाही.

निवडताना मी चार गोष्टी बघतो. सर्व्हर भारतात आहे का: मुंबईतल्या सर्व्हरशी महाराष्ट्रातून बोलायला पाच-पन्नास मिलिसेकंद लागतात, अमेरिकेतल्या सर्व्हरशी दोनशेच्या घरात, आणि एक पान उघडताना असे अनेक फेरे होतात. दुसरं, नूतनीकरणाचा दर. पहिल्या बिलाचा स्वस्त दर तुम्हाला मोहात पाडायला असतो. दुसऱ्या बिलाचा दर दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तिसरं, रोजचा बॅकअप आणि तो स्वतः परत आणायची सोय. चौथं, सीपॅनेलसारखं सर्वत्र चालणारं पॅनेल, म्हणजे उद्या दुसरीकडे जाताना सगळं एका फाइलीत बांधून नेता येईल. पहिल्यांदा एकाच वर्षाचं घ्या. नाव पाच वर्षांचं आणि होस्टिंग एक वर्षाचं, असा माझा सल्ला असतो. लोक नेमकं उलटं करतात.

कामाचा क्रम

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. एका आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, शेकडो साइट राहत असतात. ब्राउझर जे नाव मागतो ते पाहून सर्व्हर ठरवतो की कुठल्या फोल्डरमधलं पान द्यायचं. म्हणून आधी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तुमचं नाव जोडा. योजना घेतानाच मुख्य डोमेन म्हणून ते दिलं असेल तर जोडलेलंच असतं. हे न करता आधी ए रेकॉर्ड फिरवला तर होस्टिंग कंपनीचं कोरं पान दिसतं आणि लोक पुन्हा ४८ तास थांबायला लागतात.

नाव जोडल्यावर ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरमध्ये एक साधी इंडेक्स फाइल टाका, दोन ओळींची. मग होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरचा आयपी पत्ता घ्या. डीएनएसला हात लावण्याआधी तुमच्या संगणकावरच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या आयपीसमोर तुमचं नाव लिहा. आता फक्त तुमच्याच संगणकाला ते नाव नव्या सर्व्हरवर दिसेल, बाकी जगाला जुनंच पान. साइट पूर्ण बांधून, तपासून होईपर्यंत असंच काम करता येतं. काम झालं की ती ओळ काढून टाका. ती राहिली तर पुढे कधीतरी तुम्हाला एक दिसेल आणि गावाला दुसरंच.

आता रेकॉर्ड. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या मूळ नावासाठी, ज्याला पॅनेलमध्ये @ असं चिन्ह असतं, ए रेकॉर्डमध्ये सर्व्हरचा आयपी. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम, जो मूळ नावाकडे दाखवतो. मूळ नावावर सीनेम टाकू नका. डीएनएसच्या नियमात ते बसत नाही, कारण तिथे एमएक्स आणि इतर रेकॉर्डही राहायचे असतात. काही सेवा पडद्यामागे ते जुळवून देतात, पण तुमच्याकडे थेट आयपी आहे, त्यामुळे गरजच नाही.

जुने पार्किंगचे, म्हणजे रजिस्ट्रारच्या तात्पुरत्या पानाचे, रेकॉर्ड काढून टाका. त्यात क्वाड-ए रेकॉर्ड आहे का ते डोळ्यांत तेल घालून पाहा. ए हा जुन्या आयपीव्ही४ पद्धतीच्या पत्त्यासाठी, क्वाड-ए नव्या आयपीव्ही६ साठी. रजिस्ट्रारने स्वतःच्या पानासाठी क्वाड-ए टाकलेला असेल आणि तुम्ही फक्त ए बदललात, तर मोठा घोळ होतो. कार्यालयातल्या ब्रॉडबँडवर नवी साइट दिसते आणि जिओच्या मोबाइलवर ‘लवकरच येत आहे’. मोबाइल नेटवर्क बहुतांश आयपीव्ही६ वर चालतं, त्यामुळे फोन क्वाड-ए कडे जातो. लोक याला ‘अजून पसरलेलं नाही’ समजून दिवसच्या दिवस वाट बघतात. तुमच्या होस्टिंगने आयपीव्ही६ पत्ता दिलेला नसेल तर क्वाड-ए रेकॉर्ड पुसून टाका.

तपासायला विंडोजवर ‘एनएसलुकअप’ पुरतं, लिनक्स आणि मॅकवर ‘डिग’. एकदा गूगलच्या ८.८.८.८ ला विचारा, एकदा क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ला, आणि एकदा थेट तुमच्या नेमसर्व्हरला. नेमसर्व्हरचं उत्तर बरोबर आणि बाकीच्यांचं जुनं असेल तर थांबा. नेमसर्व्हरचंच उत्तर चूक असेल तर थांबून उपयोग नाही, रेकॉर्ड चुकलाय.

कुलूप

साइट नव्या सर्व्हरवर दिसू लागली की मगच एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे वाचक आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण कुलूपबंद करणारं प्रमाणपत्र, घ्या. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि बहुतेक पॅनेलमध्ये ते आपोआप येतं. त्यासाठी विकत काही घेऊ नका. प्रमाणपत्र देणारी संस्था तुमच्या नावावर येऊन एक फाइल शोधते, म्हणून डीएनएस आधी बरोबर असावा लागतो. वर सांगितलेला जुना क्वाड-ए इथेही नडतो: तपासणी आयपीव्ही६ वरून व्हायला बघते, पार्किंगच्या सर्व्हरवर जाते आणि नापास होते. मूळ नाव आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दोन्ही प्रमाणपत्रात आहेत ना ते पाहा.

प्रमाणपत्रांची मुदत आता झपाट्याने कमी होते आहे. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. शिवाय लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलंय. त्यामुळे हाताने प्रमाणपत्र बदलायला लावणारं होस्टिंग असेल तर ते सोडा. आपोआप नूतनीकरण नसेल तर एके सकाळी वाचकाला लाल इशारा दिसेल.

मग दोन पत्त्यांपैकी एक पक्का करा, माझ्या मते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायचा, आणि दुसरा ३०१ ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, त्याच्याकडे वळवा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवरही वळवा. क्लाउडफ्लेअरची नारिंगी ढगाची, म्हणजे साइटची रहदारी त्यांच्यामार्फत नेण्याची, सोय वापरणार असाल तर एसएसएलचा प्रकार ‘फ्लेक्सिबल’ ठेवू नका, ‘फुल स्ट्रिक्ट’ ठेवा. फ्लेक्सिबलमध्ये क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतं, सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे परत पाठवतो, आणि पान गोल गोल फिरत राहतं.

संस्थेचा ई-मेल

शेअर्ड होस्टिंगसोबत मेल फुकट मिळतो. मी तो वापरत नाही. त्याच आयपीवरून शेजारच्या कुणीतरी स्पॅम पाठवला की तुमची पत्रंही वाचकांच्या स्पॅममध्ये जातात, आणि जागा संपली की साइटही अडते. झोहोसारख्या सेवेची छोट्या संस्थांसाठी मोफत योजना आहे. गूगलही नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना त्यांची मेल सेवा मोफत देतं. सोसायटी नोंदणी आणि सार्वजनिक न्यास नोंदणी दोन्ही असलेल्या वाचनालयाने अर्ज करून बघावा.

मेल कंपनी एमएक्स रेकॉर्ड आणि तीन टीएक्सटी (मजकुराच्या) ओळी देईल: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. पत्र खरंच तुमच्याकडून आलंय का, हे समोरची मेल सेवा या ओळींवरून ताडते. त्या जशाच्या तशा डीएनएसमध्ये चिकटवा. एका नावाला एसपीएफची एकच ओळ चालते. होस्टिंगने दिलेली आणि मेल कंपनीने दिलेली अशा दोन टाकल्या तर दोन्ही बाद. डीमार्क सुरुवातीला ‘नन’ या, म्हणजे तपासणीत नापास पत्रं न अडवण्याच्या, धोरणावर ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्याच्या नावाची ही ओळख बरीच काटेकोरपणे तपासतात, त्यामुळे ‘आमचं छोटं वाचनालय, कशाला हवं’ असं म्हणून चालत नाही.

सीपॅनेलमध्ये एक जागा मात्र हमखास राहून जाते. मेल दुसरीकडे असूनही होस्टिंगचा सर्व्हर समजतो की या नावाचा मेल त्याच्याकडेच आहे. मग साइटवरच्या संपर्क फॉर्मचे निरोप त्याच सर्व्हरवरच्या कोपऱ्यात पडून राहतात, आणि बाहेरून आलेली पत्रं मात्र नीट पोचतात. ‘ई-मेल राउटिंग’मध्ये जाऊन ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. फॉर्मलाही मेल कंपनीच्या एसएमटीपी (मेल पाठवायच्या) खात्यातूनच पाठवायला लावा.

मराठी यादी

हा भाग तुमच्या कामाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर. एक्सेलमधली यादी उघडून एका रकान्याचा फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोड फॉन्ट करा. अक्षरं मराठीच राहिली तर यादी युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत टंकलेली आहे, आणि आधी रूपांतर करावं लागेल. रूपांतरक चालवल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या नजरेखालून घालायला दोन वाचनप्रेमी सभासद बसवा. हे काम यंत्रावर सोडू नका.

मग एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करा. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. डेटाबेस आणि टेबल ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये हवेत.

एकच उच्चार दोन तऱ्हेने टंकला जातो, हे शोधाच्या आड येतं. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि अ वर चंद्र लावूनही तसंच दिसणारं अक्षर तयार होतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कोणी ऱ वापरून लिहितो, कोणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो, आणि असलेलं पुस्तक ‘उपलब्ध नाही’ होतं. म्हणून यादी चढवताना सगळी रूपं एकसारखी करून घ्या, आणि वाचकाने शोधात टाकलेल्या शब्दावरही तोच बदल चालवा. पीएचपी येणाऱ्याला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नोटिसा आणि कार्यक्रमांसाठी वर्डप्रेस, म्हणजे साइटची पानं स्वतः बदलता येणारं मोफत सॉफ्टवेअर, घाला. त्यात तक्त्याचं प्लगइन टाकून वीस हजार ओळी एका पानात ओतू नका. तशी प्लगइनं अनेकदा अख्खा तक्ता वाचकाच्या फोनवर पाठवतात आणि साधा फोन गुदमरतो. शोधाचं पान वेगळं करा, जे डेटाबेसला विचारून पंचवीस-पंचवीस ओळी देईल.

वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पत्ताही मराठीत तयार होतो. तो साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ वर्ण होतात आणि मर्यादा २०० वर्णांची असते, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात. लांब शीर्षकाचा पत्ता मधेच तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसते. पत्ता हाताने रोमन लिपीत छोटा द्या. चढवायच्या फाइलींची नावंही रोमनमध्येच.

सभासदांची यादी, फोन नंबर, थकबाकी यातलं काहीही या सर्व्हरवर ठेवू नका, ‘लिंक कोणाला माहीत नाही’ म्हणूनसुद्धा नाही. शोधयंत्रं अशा फाइली शोधून काढतात, आणि वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा कायदा आता आहे.

साइट खुली करण्याआधी वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ विभागातली, शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण काढलेली आहे ना ते बघा. बांधकाम चालू असताना ती लावणं योग्य असतं, पण काढायची राहिली तर गूगलवर वाचनालय सापडत नाही. होस्टिंगच्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका. महिन्यातून एकदा संपूर्ण बॅकअप उतरवून वाचनालयाच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. वर्षातून एकदा तो परत चढवूनही पाहा.

पुढे-मागे तुम्हाला देवघेवही संगणकावर आणावीशी वाटेल. त्यासाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं आणि आज जगभर चालतं. शेअर्ड होस्टिंगवर मात्र ते बसत नाही, त्याला स्वतंत्र लिनक्स सर्व्हर लागतो. डीएनएस तुमच्या हातात असल्यामुळे तेव्हा ‘ग्रंथसूची’साठी एक उपनाम (सबडोमेन) काढायचं, त्याचा ए रेकॉर्ड त्या नव्या सर्व्हरकडे दाखवायचा, एवढंच करावं लागेल. मुख्य साइट आणि मेल जिथे आहेत तिथेच राहतील.